सेव्हकरी

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावं इतकी, की प्रत्येकाला मागं आडनाव लावावं लागतं. पुण्याकडचं शिरूर घोडनदी, बीडचं शिरूर कासार, अहमदपूरकडचं शिरूर ताजबंद आणि निलंगा-उदगीरच्या मधलं हे शिरूर अनंतपाळ. लग्नपत्रिका आणि कुरिअरची पाकिटं अधूनमधून एका शिरुराची दुसऱ्या शिरुराला जाऊन येतात. पत्ता चुकत नाही तो फक्त अप्पांच्या गुलाबाचा. पहाटे पावणेपाचला तो निघतो आणि दूधवाला यायच्या आत हिंजवडीच्या भाच्याकडे, औशाच्या व्याह्यांकडे, पतसंस्थेच्या मॅनेजरकडे आणि तीन वर्षांपूर्वी एसटीत शेजारी बसलेल्या परभणीच्या एका गृहस्थांकडे पोचतो. पोचला की उमलतो, मिटतो, परत उमलतो. पाहणारा दमतो, गुलाब दमत नाही.

अप्पा हे नाव सोयीपुरतं. तालुक्याच्या प्रत्येक गावी हा माणूस असतोच. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं बापू, कुठं गुरुजी. पंथ मात्र एकच. माळ घालतो तो माळकरी, वारी करतो तो वारकरी आणि दिसेल ते हलतं चित्र फोनात सेव्ह करतो तो सेव्हकरी.

सेव्हकरी ओळखायला सोपा. फोनला पुस्तकासारखं उघडणारं कव्हर, कव्हराच्या कप्प्यात आधार कार्ड आणि अडीनडीला शंभराची एक नोट. चष्मा कपाळावर, फोन छातीपासून हातभर लांब. बाकी जग बोटानं पडदा वर सरकवत असतं, तेव्हा याचा अंगठा एका जागी घट्ट रोवलेला असतो. चित्र दाबून धरल्याशिवाय सेव्हचा पर्याय वर येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आडत्याच्या दुकानी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा माणूस जसा डोळे बारीक करून थांबतो, तसाच हा अंगठा दाबून थांबतो. चहा गार होतो. समोरचा बोलून निघून जातो.

नोकरीत असताना अप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. घरणी आणि साकोळ या दोन मध्यम प्रकल्पांच्या तालुक्यात उभी हयात पाणी मोजण्यात गेली. माणूस निवृत्त झाला, भाषा झाली नाही. सकाळी देवादिकांची चित्रं जातात ती पहिली पाळी. दुपारी जेवणानंतर सुविचार, ती दुसरी. रात्री चांदण्या लुकलुकणारी शुभ रात्री, ती तिसरी. पाळी सोडली की अप्पा पोचपावतीच्या निळ्या खुणा तपासतात. कुणाची खूण निळी झाली नाही तर ते फोन लावतात आणि विचारतात, "हलूलालं का तुमच्याकडं?" पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं नाही, तर ती पाळी झालीच नाही, हा खात्याचा जुना दंडक.

या चित्रांना अप्पा 'जीप' म्हणतात. पुतण्या इंजिनिअर, त्याला हे सहन होत नाही. "अप्पा, गिफ म्हणा, गिफ." त्यावर अप्पा म्हणतात, "काळीपिवळीला आम्ही जीपच म्हणत आलो." खरी गंमत अशी की या भांडणात अप्पांचंच पारडं जड आहे. स्टीव्ह विल्हाइट या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं कॉम्प्युसर्व्ह कंपनीत १९८७ साली हा चित्रप्रकार बसवला. २०१३ मध्ये त्याला मोठा सन्मान मिळाला, तेव्हा त्यानं सगळ्या जगाला पडद्यावर लिहून दाखवलं की उच्चार 'जिफ' असा आहे, 'गिफ' असा नाही. विल्हाइट २०२२ च्या मार्चमध्ये वारला. त्याचा उच्चार अर्ध्या जगानं मानला नाही; शिरूर अनंतपाळात मात्र तो शेवटच्या अक्षरापुरताच बिघडला.

जीप चालते कशी, हे पुतण्यानं एकदा वहीच्या कोपऱ्यावर काढून दाखवलं. पानागणिक किंचित वेगळं चित्र काढायचं आणि पानं भरभर सोडायची. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ थांबावं हे ठरवण्याची सोय आली आणि १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरनं ती साखळी न थांबता फिरवत ठेवली. एका चित्रात रंग फार तर २५६. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात नवं काय? फाळक्यांनी वाटाणा लावला होता की." हेही खरं. चित्रपट काढायला पैसे मिळावेत म्हणून दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. रोपटं पाहता पाहता वर आलं, भांडवलदार विरघळला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. अप्पांच्या फोनात रोज उमलणारा गुलाब त्या वाटाण्याचा दूरचा भाऊबंद लागतो. वाटाण्याला मात्र 'शुभ सकाळ' म्हणायचं काम नव्हतं.

सेव्हकऱ्याच्या आयुष्यातलं खरं दुःख जितं आणि मेलं यातलं आहे. जितं म्हणजे हलणारं, मेलं म्हणजे सेव्ह करताना प्राण गेलेलं. फेसबुकवर कुणीतरी प्रतिक्रियेत पणती टाकतो. ज्योत कशी छान फडफडते. अप्पा दाबून धरतात, काही उगवत नाही. मग स्क्रीनशॉट काढतात. गॅलरीत जाऊन पाहतात तर ज्योत गप्प. स्क्रीनशॉट म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्यात हलण्याला जागाच नाही. घरात अप्पांचा चेहरा पडलेला दिसला की काकू विचारतात, "आवं, कोण गेलं?" अप्पा म्हणतात, "पणती."

ट्विटरचा न्याय आणखी वेगळा. या मंडळींनी २०१४ मध्ये हलती चित्रं घ्यायला सुरुवात केली, पण आत घेताना त्यांचा व्हिडिओ करून टाकला, कारण तोच मजकूर व्हिडिओच्या रूपात कितीतरी कमी जागेत बसतो. त्यामुळं तिथं चित्र म्हणून दाबायला गेलं की हाती काहीच लागत नाही. व्हॉट्सॲपही तेच करतं. चित्र आपोआप फोनातल्या त्याच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतं, पण उघडून पाहावं तर तो आवाज नसलेला व्हिडिओ. अप्पांनी तो गॅलरीतून परत पाठवला की पलीकडं पोटावर त्रिकोण घेऊन जातो. त्रिकोण दाबल्याशिवाय गुलाब हलत नाही. सकाळी पावणेपाचला त्रिकोण दाबणारा माणूस लातूर जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. साध्या ब्राउझरमध्ये शोधून, चित्र दाबून धरून उतरवलं, तरच खरंखुरं जितं चित्र हाती येतं. हे कळायला अप्पांना आठ महिने लागले. मधल्या काळात ते चित्रं उतरवून देणाऱ्या साइटांच्या नादी लागले होते. तिथं डाउनलोड असं लिहिलेली हिरवी बटणं पाच, त्यातलं खरं एक. उरलेल्या चार बटणांनी अप्पांना तीन वेळा लकी ड्रॉ जिंकून दिला आणि एका ॲपनं गुलाबाच्या बदल्यात सगळी फोननंबरांची यादी वाचायची परवानगी मागितली. अप्पा देणार, इतक्यात पुतण्यानं फोन ओढून घेतला. अप्पांच्या लेखी मागणी रास्त होती. यादीतल्या सगळ्यांनाच तर गुलाब पाठवायचा होता.

इथं कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? आलेलं पुढं ढकलावं की. पण फॉरवर्ड आणि सेव्ह यांत सेव्हकरी सोवळ्याओवळ्याचा भेद मानतो. फॉरवर्ड केलेल्या चित्रावर बाणाची खूण येते, म्हणजे ते उष्टं. खोट्या बातम्यांच्या सुळसुळाटानंतर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याचा नियम घातला. २०२० च्या एप्रिलपासून खूप फिरून आलेला, दोन बाणांचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. गावोगावच्या सेव्हकऱ्यांवर तो कालवाबंदीचा हुकूम होता. अप्पांनी त्यातून वाट काढली. चित्र आधी फोनात सेव्ह करायचं, मग गॅलरीतून नव्यानं पाठवायचं. बाण गायब. गुलाब पुन्हा ताजा, आणि जणू अप्पांच्याच परड्यातला.

मग अप्पांना ब्रॉडकास्ट यादी सापडली. एका यादीत २५६ माणसं बसतात. जीपमध्ये रंगही २५६. संगणकवाल्यांचा या आकड्यावर जीव का, असं अप्पांनी विचारलं तेव्हा पुतण्यानं आठ वेळा दुप्पट करून दाखवलं: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. अप्पांना पटलं. अडचण एवढीच की ब्रॉडकास्ट पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणून अलीकडं लग्नाच्या पंगतीत अप्पा पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला आडनाव, गाव, मुलं काय करतात हे काहीच विचारत नाहीत. म्हणतात, "तेवढा माझा नंबर सेव्ह करा." माणूस लाजेकाजेस्तव करतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेपाचला त्याला कळतं.

या सगळ्याचा भार कुठंतरी साचणारच. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनं भारतातल्या शुभ सकाळींवर बातमी दिली होती. गूगलचे लोक भारतातले फोन वारंवार का अडकतात याचा शोध घेत होते, तेव्हा कारण निघालं सूर्योदय, फुलं आणि हसरी बाळं. भारतात तेव्हा दर तिघांत एकाच्या फोनची जागा रोज भरत होती. अमेरिकेत हे प्रमाण दहांत एक, असं त्या बातमीत होतं. गूगलनं फोन साफ करायला जे ॲप काढलं, त्यात अशी शुभेच्छाचित्रं हुडकून काढण्याची खास सोय दिली. थोडक्यात, कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी दिवसरात्र डोकं चालवलं ते अप्पांचा मृतसाठा कमी व्हावा म्हणून.

मृतसाठा हा शब्द अप्पांचाच. धरणाच्या तळाशी जे पाणी असतं पण कालव्यात येत नाही, तो मृतसाठा. फोन 'जागा संपत आली' म्हणू लागला की अप्पा म्हणतात, "विसर्ग करावा लागतंय." पण विसर्ग कशाचा? देवांची चित्रं काढता येत नाहीत. थोर पुरुष काढले तर जयंतीला लागतात. एकदा श्रावणात अप्पा ई-पीक पाहणी करायला शेतात गेले. सरकारचं हे ॲप २०२१ पासून राज्यभर आलं. शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. सोयाबीन कमरेला लागलेलं, आभाळ भरून आलेलं, अप्पांनी फोटो काढला आणि फोन म्हणाला, जागा नाही. सातबाऱ्यावर अडीच एकर, फोनात गुंठाभर नाही! बांधावर उभं राहून त्यांनी शेवटी मागच्या साली साठवलेले अकरा गणपती निवडले, मनात 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं आणि डिलीट केले. फोटोंच्या ॲपमध्ये काढून टाकलेलं चित्र महिनाभर, कधी दोन महिने कचरापेटीत पडून राहतं, हे पुतण्यानं रात्री सांगितलं. गणपती कचरापेटीत बसलेत हे ऐकल्यावर अप्पांना झोप लागेना. साडेअकराला उठून त्यांनी अकराही परत आणले.

साठवणीच्या या हावेला हसणाऱ्यांनी जरा मागं पाहावं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात माणसांनी अंघोळीचं पाणी साठवून त्यात कपडे धुतले, कपड्यांचं साठवून फरशी पुसली. पुढं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा फुकट झाला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न मोजता वाहू लागलं होतं. कालवा निरीक्षकानं ते वाहून जाऊ द्यायचं?

पुतण्यानं मध्यंतरी आणखी एक बातमी वाचून दाखवली. जिफी ही हलत्या चित्रांची जगातली मोठी वखार. फेसबुकनं ती २०२० मध्ये घेतली, तेव्हा ४० कोटी डॉलरचा आकडा छापून आला होता. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं हरकत घेतली आणि २०२३ मध्ये ती ५ कोटी ३० लाख डॉलरला शटरस्टॉक कंपनीला विकावी लागली. अप्पांनी तोंडात बोट घातलं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात म्हातारा बैलसुद्धा एवढा पडत नाही. पुतण्या थांबला नाही. त्या वादात जिफी कंपनीनंच नियामकाला लिहून दिलं होतं की हलत्या चित्रांची फॅशन ओसरली, तरुण पोरं त्यांना म्हाताऱ्यांची करमणूक समजतात. अप्पांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "मग माल बरोबर पत्त्यावर आला म्हणायचं."

वखार एवढी मोठी, तरी अप्पांचं कॅलेंडर तिच्यात मावत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो, कारण १९४८ साली त्या दिवशी हैदराबादचं निजामी राज्य संपलं. अप्पा पंधरा ऑगस्टचाच फडकता तिरंगा पाठवतात आणि पुण्याची सून विचारते, "अप्पा, आज कसला झेंडा?" तिला सगळं सांगेपर्यंत दुसरी पाळी चुकते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात तालुक्यातल्या उजेड गावी महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. लोक तिला गांधीबाबाची यात्रा म्हणतात. गांधीजी मिळतात, आकाशपाळणे मिळतात, पण दोघं एका चित्रात अजून कुणी बसवलेले नाहीत.

आणि ३० सप्टेंबर. १९९३ साली त्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. त्या दिवशी अप्पांचा गुलाब निघत नाही. चारच्या आत एक पणती निघते, न हलणारी. ती त्यांनी मुद्दाम मेलेली निवडलेली असते. वर्षभर ज्यांच्या निळ्या खुणा उमटत नाहीत, त्यांची त्या पहाटे हात जोडलेली उत्तरं येतात.

पण सगळ्यांत मोठी पंचाईत येळवसेची. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवाकडं गावं रिकामी होतात. कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ बंद आणि अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि बिंदगीभर आंबील. दिवाळीला हजार चित्रं, व्हॅलेंटाइनला दहा हजार. येळवसेला एक नाही. अप्पांनी मराठीत शोधलं, काही आलं नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर फोननं पिवळी बदकं दाखवली. वर्षानुवर्षं ते त्या दिवशी संक्रांतीचा तिळगूळ आगाऊ पाठवत आले.

मागच्या येळवसेला पुतण्या शेतात आला होता. त्यानं सांगितलं, व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ कापून सहा सेकंदांच्या आत आणला की वर जिफचं बटण येतं. ते दाबलं की झाली जीप. अप्पांनी कोपीसमोर उभं राहून काकूंना आंबील ओतायला लावलं. तीनदा सांडलं. "येळवस हाय का शूटिंग?" काकू म्हणाल्या. चौथ्यांदा जमलं. बिंदगीतून गिलासात आंबील पडते आहे, मागं हिरवा हरभरा, कडेला देवणीच्या गायीचं एक शिंग. सहा सेकंद संपले की परत पहिल्यापासून. आंबील पडतच राहते. बिंदगी रिकामी होत नाही, गिलास भरत नाही. अप्पा बराच वेळ ते पाहत बसले. मग यादीतल्या २५६ जणांना सोडलं. त्या दिवशी कुणाला फोन करून विचारावं लागलं नाही. भाच्यानं हिंजवडीतून लिहिलं, "मामा, तोंडाला पाणी सुटलं."

संध्याकाळी कडब्याचा टेंभा फिरवून झाल्यावर अप्पा बैलगाडीशी टेकून फोन पाहत होते. नात्यातल्या एका ग्रुपवर चित्र आलं. तीच बिंदगी, तेच शिंग, तोच काकूंचा हात. वरून चमचमते गुलाब पडत होते, वर 'येळवसेच्या हार्दिक शुभेच्छा', खाली कुठल्याशा मित्रमंडळाचं नाव, आणि डोक्यावर दोन बाण: अनेकदा फॉरवर्ड केलेलं.

"आवं, हे तर आपलंच," काकू म्हणाल्या.

अप्पांनी चष्मा कपाळावर घेतला, अंगठा चित्रावर रोवला, डोळे बारीक केले आणि ते सेव्ह केलं.